तटस्थ कोण? : पायी चालणाऱ्यांच्या मनाची मोजणी आणि आपली मराठी

१

हा लेख लिहिण्याचे तात्कालिक कारण एक प्रश्नावली आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयाकडे ‘शहरातील चालणे व सायकल चालविणे यांविषयी नागरिकांच्या अभिवृत्तींचे मापन’ अशा भारदस्त शीर्षकाची बारा पानी प्रश्नावली आली. काम एका सल्लागार संस्थेचे होते. इंग्रजी मूळ तिचे, मराठी भाषांतर तिनेच कुणाकडून तरी करून घेतलेले आणि घरोघर हिंडायला विद्यार्थी आमचे, अशी ती वाटणी होती. ‘मराठी विभागाने भाषा एकदा नजरेखालून घालावी’ एवढीच आमच्याकडून अपेक्षा होती. या अपेक्षेचा अर्थ आपण मराठीचे अध्यापक चांगलाच ओळखून असतो. ऱ्हस्वदीर्घ तपासावे आणि गप्प बसावे.

प्रश्नावलीतला दुसरा प्रश्न असा होता : ‘नजीकच्या अंतरावरील प्रवासासाठी सक्रिय गतिशीलतेच्या साधनांचा अवलंब करण्याविषयी आपली अभिवृत्ती सकारात्मक आहे, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?’ खाली पाच चौकटी होत्या. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत.

तालीम म्हणून द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने हा प्रश्न आमच्या विभागाची सफाई करणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. मावशी नदीपलीकडच्या वस्तीतून रोज पायी येतात. येताना पाऊण तास लागतो, जाताना पाऊण तास लागतो. शिवाय मध्ये दोन घरची धुणीभांडी असतात. मावशींनी प्रश्न ऐकला, फडके पिळले आणि म्हणाल्या, “पोरी, पायी येते का असं विचारतीस का? येतेच की.” मुलगी गोंधळली. मग तिने प्रश्न आपल्या भाषेत विचारला. “मावशी, पण तुम्हाला चालायला आवडतं का?” मावशी हसल्या. “न आवडून सांगू कुणाला?”

मुलीने क्षणभर विचार केला आणि ‘तटस्थ’ या चौकटीत खूण केली.

त्या खुणेने मला अनेक दिवस सतावले. ‘तटस्थ’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ आपण वर्गात हौसेने सांगतो. तटावर उभा राहिलेला, पाण्यात न उतरलेला तो तटस्थ. जी बाई आयुष्यभर गळ्यापर्यंत प्रवाहात उभी आहे, तिची नोंद आपण ‘काठावर उभी’ अशी केली. चूक त्या मुलीची नव्हती. तिच्यापुढे पाचच चौकटी होत्या आणि त्यांतल्या एकीतही मावशी मावत नव्हत्या.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकते. शहरांत पायी चालणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या माणसांविषयी, तसेच त्यांच्या मनाविषयी, आपल्याकडे जी मोजणी चालते तिचा पहिला दोष सांख्यिकीत नसून भाषेत आहे. हा दोष निरुपद्रवीही नाही. या मोजणीतून जो निष्कर्ष निघतो तो बहुधा ‘लोकांची मानसिकता बदलायला हवी’ असा असतो, आणि त्या निष्कर्षाआड रस्ता सुरक्षितपणे लपून राहतो. तेव्हा ‘हा समाजशास्त्रवाल्यांचा विषय, आपला काय संबंध’ असे म्हणून मराठीच्या अध्यापकांनी हात झटकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

२

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजीत ‘वॉकिंग’ या एका शब्दात जे सामावते, त्यासाठी मराठीत एक शब्द नाही, आणि हे आपल्या भाषेचे दारिद्र्य नव्हे. आपण ‘फिरायला जातो’ ते सकाळी, पायांत बूट घालून, टेकडीवर. जेवणानंतर अंगणात घालतो ती ‘शतपावली’. कामावर ‘पायी जातो’ किंवा ‘चालत जातो’. कामासाठी पुनःपुन्हा खेटे घालावे लागले की त्याची ‘पायपीट’ होते. पाण्यासाठी किंवा निवाऱ्यासाठी होते ती ‘वणवण’. आणि पंढरपूरला जातो ती ‘वारी’. क्रिया एकच आहे, पाऊल पुढे टाकण्याची. पण चालणारा कोण, कशासाठी चालतो, त्याला दुसरा पर्याय होता की नव्हता, हे सगळे मराठी एका शब्दात सांगून टाकते. समाजशास्त्रज्ञ ज्याला चल म्हणतात, असे तीनचार चल आपल्या शब्दकोशात आधीच नोंदलेले आहेत.

आता ‘सक्रिय गतिशीलता’ या भाषांतराने काय केले ते पाहा. त्याने टेकडीवरचे निवृत्त गृहस्थ आणि पुलावरून घाईने जाणाऱ्या मावशी यांना एकाच शब्दात कोंबले. दोघांच्याही पुढे तोच प्रश्न ठेवला. गृहस्थ ‘पूर्णतः सहमत’ म्हणाले, मावशी ‘तटस्थ’ ठरल्या. मग कोष्टक तयार झाले की उच्च उत्पन्नगटात चालण्याविषयी अभिवृत्ती अधिक सकारात्मक, अल्प उत्पन्नगटात उदासीन. या कोष्टकावर उद्या एखादा शोधनिबंध उभा राहील. त्यात ‘अल्प उत्पन्नगटात जाणीवजागृतीची आवश्यकता’ अशी शिफारसही येईल. जे लोक आधीच सर्वाधिक चालतात, त्यांना चालण्याचे महत्त्व पटवून देण्याची मोहीम निघेल. हा विनोद नाही. चुकीच्या शब्दापासून निघालेला तर्क याच गावाला पोहोचतो.

दुसरा शब्द ‘चालेल’. जगण्यातल्या तडजोडीसाठी आपण चालण्याचेच क्रियापद वापरतो. ‘चहा कमी गोड आहे, चालेल?’ ‘चालेल.’ ‘पगार उशिरा होईल, चालेल ना?’ ‘चालवून घेऊ.’ या ‘चालेल’मध्ये संमती किती, नाइलाज किती आणि समोरच्याचा मान राखणे किती, हे सांगणे मराठी माणसालाही कठीण जाते. मग पादचारी पुलाविषयी विचारलेल्या प्रश्नाला एखाद्या आजींनी ‘चालेल की’ म्हटले, तर ते ‘सहमत’ धरायचे का? शहरांतले असे अनेक पूल पायऱ्यांचे असतात. रस्ता मोटारींना सपाट आणि गुडघेदुखीच्या आजींना दोन मजले चढउतार, अशी ती व्यवस्था असते. आजींचे ‘चालेल’ हे त्या व्यवस्थेपुढे टाकलेले हत्यार आहे. पाहणीत ते पसंती म्हणून मोजले जाते.

‘पाहणी’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. ‘सर्वेक्षण’ रूढ होण्याआधी आपण पाहणीच म्हणत असू, अजूनही पीकपाहणी म्हणतो. पाहणी करणारा बांधावर जातो, पीक डोळ्यांनी पाहतो. तो पिकाला ‘तू कितपत समाधानी आहेस’ असे विचारत नाही. मोजणी म्हणजे तर जमिनीची. तिच्यावरून भावाभावांत वैर येते, कारण मोजणीतून कुणाची तरी हद्द सरकते हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. शहरातल्या रस्त्याची मोजणी करणारे मात्र असे भासवतात, की त्यांच्या कामातून कुणाचीच हद्द सरकणार नाही.

३

या मापनशास्त्राचा इतिहास साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून थोडक्यात सांगते. अभिवृत्ती मोजता येतात, असा दावा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थर्स्टन याने १९२८ साली आपल्या निबंधाच्या शीर्षकातच केला. १९३२ साली रेन्सिस लिकर्ट याने ती मोजण्याची सुटसुटीत रीत दिली. आपल्या पाच चौकटींचे कूळ ते. गंमत अशी, की त्यानंतर दोनच वर्षांत, १९३४ साली, रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने या साऱ्या खटाटोपाला चूड लावणारा एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड द्वेष असण्याच्या त्या काळात तो एका चिनी जोडप्यासह देशभर हिंडला. अडीचशेहून अधिक हॉटेले व उपाहारगृहे त्यांनी पालथी घातली. नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. काही महिन्यांनी त्याने त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, ‘आपण चिनी ग्राहकांना प्रवेश द्याल का?’ उत्तरे देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘नाही’ असे कळवले.

लापिएरच्या पद्धतीवर पुढे रास्त आक्षेप घेतले गेले. दारात उभे राहणारे आणि पत्राला उत्तर देणारे एकच होते कशावरून, हा त्यांतला एक. तरीही मूळ मुद्दा शिल्लक उरतोच. कागदावरचा माणूस आणि दारातला माणूस यांच्यात अंतर असते. आपल्या विषयात हे अंतर उलट्या दिशेने पडते. कागदावर जवळजवळ सारेच चालण्याच्या आणि सायकलच्या बाजूचे असतात. प्रदूषण नको, आरोग्य हवे, मुलांना मोकळे रस्ते हवेत, याला नाही कोण म्हणणार? आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला दुचाकीला किक मारतात.

या विसंगतीचे जे स्पष्टीकरण आपल्याकडे सर्रास दिले जाते, त्याविरुद्ध माझी तक्रार आहे. ‘लोक ढोंगी आहेत. मानसिकताच नाही.’ ‘मानसिकता’ हा शब्द गेल्या काही दशकांत मराठी सार्वजनिक लेखनात विलक्षण सोकावला आहे. कुठल्याही अपयशाची जबाबदारी त्याच्या गळ्यात अडकवता येते, कारण मानसिकतेला कंत्राटदार नसतो, निविदा नसते, मुदत नसते. पदपथाला असतात. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने पादचारी सुविधांसाठी २०१२ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत पदपथाची चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असे सांगितले आहे. पंधरा सेंटिमीटर म्हणजे डेमी आकाराच्या पुस्तकाची रुंदी आणि वर एखादे बोट. आपापल्या घराबाहेरच्या पदपथाशी पुस्तक उभेआडवे लावून प्रत्येकाने ही पाहणी करावी. तिला पाच चौकटी लागत नाहीत.

ज्या माणसाला चालायचे आहे पण जो चालत नाही, तो ढोंगी असेलच असे नाही. तो बहुधा घाबरलेला असतो. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या सायकल विभागात काम करणाऱ्या रॉजर गेलर याने २००६ च्या सुमारास शहरवासीयांचे सायकलच्या दृष्टीने चार गट कल्पिले. निर्धास्त धाडसी अगदी थोडे, आत्मविश्वासाने चालवणारे थोडे, कधीच न चालवणारे सुमारे एकतृतीयांश आणि सर्वांत मोठा गट, सुमारे साठ टक्के, ‘इच्छा आहे पण धास्ती वाटते’ अशांचा. गेलरचे आकडे आरंभी अनुभवातून बांधलेला अंदाजच होते, हे सांगणे आवश्यक आहे. पुढे इतरांनी ते पाहणी करून पडताळले. पण त्याने एक मोलाची गोष्ट केली. ‘हो की नाही’ या प्रश्नाच्या जागी त्याने ‘भीती किती’ हा प्रश्न आणला. भीतीचा पत्ता मनात नसतो, चौकात असतो.

ही भीती काल्पनिकही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार. दररोज सरासरी नव्वद पादचारी. ज्या क्रियेत दररोज नव्वद माणसे मरतात, तिच्याविषयी ‘आपली अभिवृत्ती सकारात्मक आहे का’ असे विचारण्यात कोडगेपणा आहे. तो आपल्याला जाणवत नाही, कारण प्रश्न प्रमाणभाषेत विचारलेला असतो.

४

आता विचारले कुणाला जाते ते पाहू. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले. तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांनाच. त्या मोजणीत पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी आणि सायकलने जाणारे अडीच कोटींहून अधिक निघाले. सायकलवाल्यांची संख्या स्कूटर-मोटारसायकलवाल्यांपेक्षा किंचित जास्तच होती. शाळेत चालत जाणारी मुले, बाजाराला जाणाऱ्या बायका, बसथांब्यापर्यंतची चाल, यांतले काहीही त्या आकड्यांत नाही. आकडे जुने आहेत. तेव्हापासून दुचाक्या किती वाढल्या हे रस्त्यावर दिसतेच. तरीही एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. या देशात चालणे आणि सायकल ही कुणी नव्याने शिकवावयाची जीवनशैली नव्हती. ती करोडोंची रीत होती.

या करोडोंना वाहतूकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत ‘कॅप्टिव्ह युजर’ म्हणतात. शब्दशः सांगायचे तर बंदिवान. ज्यांना पर्याय आहे ते ‘चॉइस युजर’. धोरणाचा सारा जीव दुसऱ्या गटात अडकलेला असतो. मोटारवाल्याला मोटारीतून उतरवायचे कसे, हा प्रश्न. बंदिवान काय, तो चालणारच आहे. त्याचे मत विचारण्याची गरज काय? म्हणून पाहणी ऑनलाइन होते, गृहसंस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते, सकाळी टेकडीवर होते. मावशींच्या वेळी पाहणी करणारा झोपलेला असतो. मावशींच्या दुपारी तो कोष्टके भरत असतो.

साहित्याचा विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारू शकतो, आणि तो त्यालाच चांगला विचारता येतो. या संहितेतला गृहीत वाचक कोण? प्रश्नावली ही संहिताच असते. तिला निवेदक असतो, सूर असतो, गाळलेल्या जागा असतात. ‘आपण मोटार घरी ठेवून आठवड्यातून किमान एक दिवस चालण्यास तयार आहात का?’ या प्रश्नाचा गृहीत वाचक मोटारीचा मालक आहे. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला हा प्रश्न कळत नाही असे नव्हे. त्याला एवढे नेमके कळते, की हे आपल्याला विचारलेले नाही. ग्रामीण आणि दलित साहित्याने मराठी समीक्षेला हेच तर शिकवले. कथेत आपण आहोत का, आणि असलो तर कुणाच्या भाषेत आहोत, हे विचारायला. तो प्रश्न कादंबरीच्या पुठ्ठ्याआड सोडून द्यायचा आणि सरकारी कागदापाशी आला की ऱ्हस्वदीर्घ तपासत बसायचे, हे कसे काय?

५

येथे कुणी म्हणेल, मग मोजूच नये का? मी तसे म्हणत नाही. मोजले नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचे मत जनमत ठरते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना विचारले, तुमची किती गिऱ्हाइके मोटारीने येतात? त्यांचा अंदाज ४१ टक्के होता. गिऱ्हाइकांनाच विचारले तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. रस्त्यावर पार्किंग हवेच, नाहीतर धंदा बुडेल, हा व्यापाऱ्यांचा घोषा आपल्याही ओळखीचा आहे. त्याला उत्तर द्यायचे तर मोजावेच लागते. तेव्हा मोजणी हवी. पण ब्रिस्टलमध्ये काय मोजले ते ध्यानात घ्या. ‘तुम्ही कसे आलात’, हे मोजले. ‘तुमची अभिवृत्ती काय’, हे नव्हे.

आणि अभिवृत्ती मोजायचीच असेल, तर ती कधी मोजायची हा प्रश्न उरतो. स्टॉकहोममध्ये मोटारींवर गर्दीचा कर बसवण्याचा प्रयोग २००६ च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा शहरातले बहुमत त्याच्या विरोधात होते. सात महिने प्रयोग चालला. लोकांनी मोकळे रस्ते डोळ्यांनी पाहिले. सप्टेंबरात सार्वमत झाले आणि निसटत्या का होईना, बहुमताने शहराने कर स्वीकारला. जानेवारीतली मोजणी खोटी होती का? नाही. पण जे अजून पाहिलेलेच नाही त्याविषयीचे ते मत होते. न वाचलेल्या पुस्तकाविषयीच्या मताला आपण समीक्षा म्हणत नाही.

आपल्या देशातले उदाहरण याहून बोलके आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीबरोबर बायकांनी सायकल शिकावी अशी मोहीम निघाली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी तिला बळ दिले. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा सुमारे लाखभर स्त्रिया सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेले अनेकांनी वाचले असेल. मोहिमेच्या आदल्या महिन्यात कुणी पाच चौकटींचा कागद घेऊन तेथे गेला असता, तर त्याच्या कोष्टकात काय आले असते? ‘स्त्रियांच्या सायकल चालविण्याविषयी सामाजिक अभिवृत्ती प्रतिकूल, प्रकल्प व्यवहार्य नाही.’ बायकांनी कोष्टकाची वाट पाहिली नाही. आधी पॅडलवर पाय पडला, मत नंतर वळले.

कोपनहेगनची महापालिका १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सायकलींचा लेखाजोखा नियमाने प्रसिद्ध करते. तीत सायकलस्वारांना विचारले जाते, की तुम्ही सायकल का चालवता? वर्षानुवर्षे ठळक उत्तर एकच येते : लवकर पोहोचता येते, सोयीचे पडते. पर्यावरणासाठी म्हणणारे मोजके असतात. तेथल्या माणसाची ‘मानसिकता’ आपल्याहून उन्नत आहे असे यातून मुळीच दिसत नाही. त्याला उन्नत न होता सायकल चालवता येते, एवढेच दिसते. चांगला रस्ता माणसाकडून सद्गुणाची अपेक्षा करत नाही.

६

आता थोडे आपल्याविषयी. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते, या वाक्यावर मराठीत जेवढे ललित लेखन झाले आहे, तेवढे बहुधा प्रत्यक्ष सायकलमार्गही झाले नसतील. भाड्याची सायकल, रात्री दिवा नसल्याबद्दल पोलिसाने अडवणे, डबलसीट प्रेम. हे सगळे गोड आहे आणि मलाही आवडते. पण या स्मरणरंजनात एक सोयीस्कर विसर आहे. सायकल ही तेव्हा अनेकांची ऐपत होती, आवड नव्हे. ऐपत वाढली तशी ती सुटली. जे आठवणी लिहितात त्यांची सुटली. ज्यांची सुटली नाही त्यांच्याविषयी, पहाटे दूध आणि पेपर टाकणाऱ्यांविषयी, पाळी संपवून रात्री परतणाऱ्या रखवालदाराविषयी, आपल्या ललित निबंधात ओळ नाही. साहित्याने सायकलचा भूतकाळ केला आणि प्रशासनाने भविष्यकाळ. २०१७ च्या अखेरीस पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या नव्या रंगीत सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होऊ लागला, लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवला गेला. चांगले झाले. पण ज्या गावात पादचाऱ्याचा दिन साजरा करावा लागतो, तेथे उरलेले दिवस कुणाचे, हे विचारायलाच हवे. भूत आणि भविष्य यांच्यामध्ये जो वर्तमानकाळ आहे, त्यात मावशी चालत आहेत.

आणि मुळात, चालण्याला बहुमत लागते का? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अडथळ्याविना पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे. हक्क म्हटला की त्याची मोजणी करावी ती तो मिळतो की नाही याची. तो कितीजणांना आवडतो याची नव्हे. मतदानाचा हक्क आपल्याला ‘कितपत आवडतो’ असे विचारून आपण मतदान केंद्रे उभारत नाही.

वारीवरचा इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आपल्यापैकी अनेकांनी शिकवला आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. माणसांची मोजमापे घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. पण दिंडीत त्या चालल्या. चालल्या म्हणून त्यांना दिसले, की एकाच वाटेने, एकाच नामघोषात चालणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात. हे त्यांना बारा पानी प्रश्नावलीतून कळले असते का? ‘समतेविषयी आपली अभिवृत्ती’ या चौकटीत साऱ्या दिंडीने ‘पूर्णतः सहमत’ अशी खूण केली असती. मोजणारीने बरोबर चालावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि तिचा आदर्श आपल्या अभ्यासक्रमातच पडून आहे.

प्रश्नावलीचे पुढे काय झाले ते सांगून संपवते. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही ती नव्याने लिहिली. ‘सक्रिय गतिशीलता’ काढली. ‘रोज पायी कुठे कुठे जाता?’ ‘वाटेत सर्वांत जास्त भीती कुठे वाटते?’ ‘अंधार पडल्यावर वाट बदलता का?’ ‘मुलीला एकटीला सायकलवर पाठवाल का? नसेल तर कुठपर्यंत पाठवाल?’ असे प्रश्न घातले. ‘तटस्थ’ ही चौकट काढून तेथे ‘दुसरा इलाज नाही’ अशी चौकट घातली. संस्थेकडून आठवड्याभरात उत्तर आले. भाषा ‘अनौपचारिक’ आहे, नव्या चौकटीमुळे इतर शहरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही, म्हणून मूळ भाषांतरच वापरले जाईल. तुलनेची त्यांची अडचण मला समजते. शास्त्राला ती असतेच. पण चार शहरांत एकच चुकीचा प्रश्न विचारल्याने तुलना होते ती चुकांची. आमच्या विभागाने त्या भाषांतरावर ‘तपासले’ असा शेरा देण्याचे नाकारले. त्याने फार मोठा फरक पडला नाही, हे मान्य करते. पाहणी झाली. अहवालही येईल.

विद्यार्थ्यांनी मात्र आमची प्रश्नावली स्वतःच्या हिमतीवर महाविद्यालयाच्या आवारात आणि मागच्या वस्तीत फिरवली. मावशींना पुन्हा विचारले, या वेळी शेवटचा प्रश्न मोकळा होता : ‘एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल?’ मावशींनी पदपथ मागितला नाही, सायकलमार्ग मागितला नाही. म्हणाल्या, “पुलाच्या तोंडाशी तो हिरवा माणूस लागतो ना, तो जरा जास्ती वेळ ठेवा म्हणावं. मी निम्म्यात असते तेवढ्यात तो लाल होतो.”

मुलीने ते कागदावर होते तसे, त्याच शब्दांत उतरवून घेतले. नंतर ती आणि आणखी दोघे मोबाइलवरचे घड्याळ घेऊन त्या चौकात उभे राहिले आणि हिरवा माणूस किती सेकंद टिकतो व मावशींना रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात, ते मोजून आले. आता ते एक अर्ज लिहीत आहेत. अर्जाची मराठी मी तपासणार आहे.